रमाबाई रानडे

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे गाव महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगाव म्हणून सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या जन्मापूर्वी अर्धशतक, २५ जानेवारी १८६२ रोजी, याच गावातील कुर्लेकरांच्या घराण्यात एक मुलगी जन्माला आली. माहेरी तिचे नाव यमुना असे होते. त्या वेळी हा मुलूख सातारा जिल्ह्यात मोडत असे. घर खाऊनपिऊन सुखी होते, माणसांनी भरलेले होते. मात्र मुलींनी अक्षर शिकावे अशी रीत त्या घरात नव्हती, आणि आसपासच्या कोणत्याही घरात नव्हती. मुलगी लिहू-वाचू लागली की घरावर संकट येते, ती लवकर विधवा होते, अशी समजूत शहाण्यासुरत्या माणसांच्याही मनात घट्ट बसली होती. म्हणून यमुनेच्या बालपणात पाटी नव्हती, पुस्तक नव्हते. होत्या त्या आईने संध्याकाळी सांगितलेल्या पुराणातल्या कथा. आईला झाडपाल्याच्या औषधांचीही चांगली माहिती होती. आजारी माणसांची शुश्रूषा म्हणजे काय, हे यमुनेने प्रथम तिथे पाहिले.

वयाच्या अकराव्या वर्षी, डिसेंबर १८७३ मध्ये, तिचे लग्न झाले. वर होते महादेव गोविंद रानडे. ते त्या वेळी पुण्यात न्यायाधीश होते. त्यांचे वय बत्तिशीला टेकले होते आणि त्यांची पहिली पत्नी जेमतेम दोन महिन्यांपूर्वी वारली होती.

या लग्नाची हकीगत झाकून ठेवण्यासारखी नाही. रानडे हे विधवाविवाहाचे जाहीर पुरस्कर्ते होते. बालविवाहाविरुद्ध ते बोलत आणि लिहीत होते. त्यांनी दुसरा विवाह केलाच तर तो एखाद्या विधवेशी करावा, अशी त्यांच्या सुधारक मित्रांची अपेक्षा होती. नेमकी हीच भीती त्यांच्या वडिलांना वाटत होती, म्हणून त्यांनी घाईने मुलगी पाहिली आणि लग्न ठरवून टाकले. रानड्यांनी विरोध केला, विनवण्या केल्या. पण वडिलांचा शब्द मोडण्याचे धैर्य त्यांना झाले नाही. पुढच्याच वर्षी त्यांचे सहकारी विष्णुशास्त्री पंडित यांनी स्वतः एका विधवेशी विवाह केला, तेव्हा तर हा विरोध अधिकच उठून दिसला. रानड्यांवर वर्तमानपत्रांतून आणि सभांतून टीकेचा भडिमार झाला. ती टीका अन्यायाची होती असे आज आपल्याला म्हणता येणार नाही. रानड्यांनाही तसे वाटले नसावे. लग्नाच्या दिवशी ते अन्नही न घेता खोलीचे दार लावून बसले होते.

या साऱ्याची त्या अकरा वर्षांच्या मुलीला काय कल्पना असणार? ती सासरी आली आणि यमुनेची रमा झाली. तिचे वडील गावी परतल्यावर रानड्यांनी तिला जवळ बसवून आपले नाव माहीत आहे का, असे विचारले. पतीचे नाव उच्चारायचे नाही हे तिला शिकवलेले होते, तरीही तिने ऐकले होते तसे नाव सांगितले. मग त्यांनी विचारले की, लिहायला-वाचायला येते का? येत नव्हते. रानड्यांनी पाटी आणि पेन्सिल पुढे घेतली आणि अक्षरे गिरवायला घातली. दिवसभर न्यायालयाचे काम, संध्याकाळी सार्वजनिक सभेची कामे आणि रात्री या मुलीचा धडा, असा क्रम सुरू झाला. थोड्याच दिवसांत मुळाक्षरे आणि बाराखडी तिच्या हातात आली. पुढे फीमेल ट्रेनिंग कॉलेजातील एक शिक्षिका तिला शिकवण्यासाठी घरी येऊ लागली.

अक्षरे शिकणे सोपे होते. कठीण होते ते घरात राहून शिकणे. रानड्यांचे कुटुंब मोठे होते. सासूबाई होत्या, विधवा नणंद होती, आश्रयाला असलेल्या आत्या-मावश्या होत्या. पुरुषाने बाहेर सुधारणा करावी, त्याचा वारा स्वयंपाकघरात येऊ नये, असा या सर्व स्त्रियांचा दंडक होता. पुरुषांसमोर बायकोने पुस्तक हाती धरावे, हा त्यांना निर्लज्जपणा वाटे. रानडे घरातले कर्ते पुरुष, त्यांना कोणी काही बोलू शकत नसे; मग सगळा राग या मुलीच्या वाट्याला येई. कधी तिच्याशी बोलणे बंद होई. कधी ती वाचत असताना तिच्या उच्चारांची नक्कल करून हसू उडवले जाई. समवयस्क मुली तिला टाळू लागत. नवऱ्याने सांगितले तरी तू शिकू नकोस, म्हणजे तो आपोआप नाद सोडून देईल, असा उपदेशही तिला वडीलधाऱ्यांकडून मिळे. उलट उत्तर द्यायचे नाही, तक्रार करायची नाही, आणि धडाही सोडायचा नाही, असे रानड्यांचे सांगणे होते. हे सांगणे सोपे होते. ते पाळायचे होते रमाबाईंना, आणि दिवसभर घरात त्याच असत.

मराठी बऱ्यापैकी येऊ लागल्यावर इंग्रजीला आरंभ झाला, तेव्हा घरातला रोष आणखी वाढला. मिस हरफर्ड नावाच्या इंग्रज बाई त्यांना शिकवायला येत. परधर्माच्या बाईजवळ बसून शिकायचे म्हणजे विटाळ झाला, असे घरातल्या स्त्रिया मानत. त्यामुळे धडा संपला की रमाबाईंना स्नान करावे लागे, त्याशिवाय घरात वावरता येत नसे. थंडीच्या दिवसांतही त्यातून सुटका नव्हती. एक धडा आणि एक स्नान, असा हिशेबच झाला होता. शाळेत जाणे ज्यांना जमले नाही आणि संसाराच्या धबडग्यात ज्यांनी पुन्हा पुस्तक हाती घेतले, त्यांना या हिशेबाचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

१८७८ मध्ये रानड्यांची बदली नाशिकला झाली. पुण्याचे मोठे घर मागे राहिले आणि रमाबाईंना प्रथमच मोकळा श्वास घेता आला. घरचा जमाखर्च त्यांच्याकडे आला. खर्चाचा मेळ रोजच्या रोज घालायचा, पैन्‌पैचा हिशेब लिहून ठेवायचा, हेही शिक्षणच होते. स्त्रियांना एकत्र आणायचे तर कसे, हा प्रश्न त्यांच्यापुढे इथे आला. सभेचे बोलावणे केले तर कोणी बाई घराबाहेर पडली नसती. म्हणून हळदीकुंकवाचे निमित्त करायचे, आणि जमलेल्या स्त्रियांना सीता-सावित्रीच्या कथांबरोबर चार उपयोगाच्या गोष्टी सांगायच्या, अशी वाट निघाली. लहानपणी आईकडून ऐकलेल्या पुराणकथा अशा रीतीने कामी आल्या. नाशिकलाच त्यांनी शाळेच्या एका समारंभात आयुष्यातले पहिले जाहीर भाषण केले. ते रानड्यांनी लिहून दिले होते आणि रमाबाईंनी ते वाचले. तेव्हा त्यांचे वय अठराच्याही आत होते.

१८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाने सरकार हादरले. पुण्याच्या पुढाऱ्यांचा त्यात हात असावा, असा संशय इंग्रज अधिकाऱ्यांना आला. रानडे सरकारी नोकरीत असूनही सार्वजनिक सभेचे आधारस्तंभ होते. त्यांना धुळ्याला पाठवण्यात आले आणि त्यांच्या टपालावर पाळत ठेवण्यात आली. पत्रे फोडली जात. राजकारणात वावरणाऱ्या माणसाच्या पत्नीला कशाला तोंड द्यावे लागते, त्याचा हा पहिला धडा होता. नवऱ्याची नोकरी आज आहे, उद्या नसेल. कोण मित्र आणि कोण हेर हे ओळखता येत नाही. आणि हे सर्व मनात ठेवून घर मात्र नेहमीसारखे चालवायचे. संशय पुढे निवळला.

पुण्यास परतल्यावरचा काळ अधिक गाजला. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या. संस्कृतात पारंगत, साऱ्या देशात फिरलेली, पुरुषांच्या सभेत निर्भयपणे बोलणारी ही तरुण विधवा पाहून शहर थक्क झाले. त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. रमाबाई रानडे त्यांच्या व्याख्यानांना नेमाने जाऊ लागल्या. दोघींचे नाव एक आणि वयही जवळपासचे. एवढ्या साम्यापलीकडे दोघींचे मार्ग निराळे होते. पंडिता रमाबाईंनी रूढी सरळ तोडल्या. रमाबाई रानडे कुटुंबात राहून, वडीलधाऱ्यांचा मान ठेवून, हळूहळू पाऊल पुढे टाकणाऱ्या होत्या. कोणता मार्ग खरा, हा वाद त्या काळीही होता. मला विचाराल तर, दुसऱ्या मार्गावर चालणाऱ्या बाईचे कष्ट बाहेरच्यांना दिसत नाहीत, एवढेच त्या वादात विसरले जाते.

सभेहून आल्यावर घरात काय होई, त्याचे वर्णन रमाबाईंनी पुढे केले आहे. सभेला जाणाऱ्या बायका बाटलेल्या, अशी घरातल्या स्त्रियांची खात्री होती. पुण्यात मुलींसाठी हायस्कूल निघावे म्हणून रानडे व त्यांचे सहकारी खटपट करीत होते. मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर भरलेल्या सभेत ही मागणी मांडण्याचे काम रमाबाईंकडे आले. त्यांनी ते इंग्रजीत केले. एका हिंदू घरातील सुनेने भर सभेत, गव्हर्नरापुढे, इंग्रजीत बोलावे, हे पुण्याने यापूर्वी पाहिले नव्हते. सभेत टाळ्या मिळाल्या. घरी आल्यावर मात्र शब्दांचे आसूड बसले. त्या खाली मान घालून ऐकत राहिल्या. सप्टेंबर १८८४ मध्ये ही शाळा सुरू झाली. हुजूरपागा या नावाने ती पुढे प्रसिद्ध झाली आणि तिथून शिकून बाहेर पडलेल्या मुलींच्या पिढ्या आज मोजता येणार नाहीत.

१८८६ मध्ये सरकारच्या अर्थसमितीच्या कामासाठी रानड्यांना कलकत्त्याला जावे लागले. रमाबाईही बरोबर गेल्या. तिथे दारी बंगाली वर्तमानपत्र आले, तेव्हा आपल्याला ही भाषा येत नाही म्हणून त्यांनी ते नको म्हटले. ज्या प्रांतात राहायचे तिथली भाषा येऊ नये, हे रानड्यांना पटेना. त्यांनी पुस्तके आणवली आणि आधी स्वतः शिकू लागले. एके दिवशी रमाबाईंना बाहेरून बोलण्याचा आवाज आला. पाहतात तर रानडे हजामतीला बसले आहेत, हातात बंगाली पुस्तक आहे, आणि अडलेल्या शब्दांचे उच्चार व अर्थ न्हाव्याला विचारीत आहेत. रमाबाईंना हसू आवरेना. परंतु शिकायचे असेल तर कोणालाही गुरू करण्यात कमीपणा नाही, हे त्यांनी त्या दिवशी पाहिले. थोड्याच काळात त्या बंगाली वाचू लागल्या.

पुढची काही वर्षे चढउताराची होती. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये झालेल्या एका कार्यक्रमात पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. ख्रिस्ती लोकांकडचा चहा घेतला म्हणून रानडे, टिळक आदी मंडळींवर बहिष्कार पडला. घरात श्राद्धपक्षाला ब्राह्मण मिळेना, मित्रांच्या घरची कार्ये अडू लागली. शेवटी मित्रांची कोंडी पाहून १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. सुधारकांनी त्यांना पुन्हा एकदा दोष दिला. १८९३ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि कुटुंब मुंबईला आले. तिथे रमाबाईंनी हिंदू लेडीज सोशल अँड लिटररी क्लब काढला. नाव इंग्रजी असले तरी काम साधे होते: स्त्रियांना भाषा, सामान्यज्ञान, शिवणकाम आणि हस्तव्यवसाय शिकवण्याचे वर्ग.

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती रानडे यांचे निधन झाले. रमाबाई एकोणचाळिशीच्या उंबरठ्यावर होत्या. त्यांना मूलबाळ नव्हते. ज्या माणसाने पाटी हातात दिली आणि सत्तावीस वर्षे सोबत केली, तो गेल्यावर त्या पुण्यास परतल्या आणि जवळजवळ वर्षभर घराबाहेर पडल्या नाहीत. त्या काळच्या विधवेचे पुढचे आयुष्य कसे जाणार, हे सर्वांना ठाऊक होते: देवघर, उपासतापास आणि एक कोपरा. घरातल्या विधवा नणंदेचे आयुष्य त्यांनी जवळून पाहिलेच होते.

त्या कोपऱ्यात राहिल्या नाहीत. प्रथम त्या तुरुंगातील स्त्री-कैद्यांना भेटू लागल्या. त्यांच्याजवळ बसायचे, त्यांना धर्मग्रंथांतील कथा सांगायच्या, त्यांचे दुःख ऐकायचे, असा नेम ठेवला. सुधारशाळेतील मुलांना सणावाराला गोड खाऊ न्यायचा, रुग्णालयात जाऊन रोग्यांना फळे, फुले आणि पुस्तके द्यायची, हेही सुरू झाले. १९०४ मध्ये मुंबईत स्त्रियांची भारत महिला परिषद भरली, तेव्हा डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या आग्रहावरून त्यांनी तिचे अध्यक्षपद स्वीकारले.

१९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन ही संस्था काढली. तिच्या उभारणीत रमाबाईंचा वाटा होता. पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, पुण्यात सेवासदन सुरू झाले, आणि ते रमाबाईंच्या स्वतःच्या वाड्यात. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर हे या कामातले त्यांचे मुख्य सहकारी होते. ज्या स्त्रियांचे शाळेचे वय केव्हाच निघून गेले होते, त्यांच्यासाठी हे वर्ग होते. लग्न झालेल्या, टाकलेल्या, वैधव्य आलेल्या, अशा स्त्रिया दुपारी घरकाम आवरून येत आणि मुळाक्षरांपासून सुरुवात करीत. त्यांना फक्त वाचता यावे एवढ्यावर रमाबाई समाधानी नव्हत्या. हातात चार पैसे यावेत, कोणाच्या दारी आश्रित म्हणून राहावे लागू नये, यासाठी शिवणकाम, शिक्षिकेचे शिक्षण आणि परिचारिकेचे शिक्षण अशी सोय हळूहळू होत गेली. पुढे शिक्षिकांसाठी प्रशिक्षण महाविद्यालय आणि बाहेरगावच्या स्त्रियांसाठी वसतिगृहेही निघाली.

यांत सर्वांत अवघड ठरले ते परिचारिकांचे काम. परक्या माणसाला स्पर्श करायचा, कोणत्याही जातीच्या रोग्याची घाण काढायची, रात्रपाळी करायची, हे काम कुलीन घरच्या बाईचे नव्हे, असे लोक उघडपणे म्हणत. मुली मिळेनात. रमाबाई घरोघर गेल्या, आईबापांची समजूत घातली, मुलींच्या सुरक्षिततेची जबाबदारी स्वतःकडे घेतली. पुण्याच्या ससून रुग्णालयात सेवासदनच्या विद्यार्थिनी शिकू लागल्या.

सेवासदनच्या एका बक्षीस समारंभातील प्रसंग सांगितला जातो. बक्षीस घेण्यासाठी एक विधवा विद्यार्थिनी व्यासपीठावर आली. तिचे केशवपन झालेले होते आणि अंगावर आलवण होते. तिला पाहून गॅलरीत बसलेल्या कॉलेजच्या तरुणांनी टवाळी सुरू केली. आभार मानण्यासाठी उभ्या राहिलेल्या रमाबाईंनी ठरलेले भाषण बाजूला ठेवले आणि त्या तरुणांना सरळ विचारले की, ज्यांच्या घरात अशीच एखादी बहीण, आत्या किंवा मावशी नाही, असा तुमच्यात कोण आहे? सभागृह शांत झाले. लहानपणापासून उलट उत्तर न देण्याची सवय लावून घेतलेल्या बाईचे हे बोलणे होते, म्हणून ते अधिक लागले असावे.

१९१० मध्ये त्यांचे ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याला गोपाळ कृष्ण गोखले यांची प्रस्तावना आहे. मराठीतील स्त्रियांच्या आत्मचरित्रांत ते अगदी आरंभीचे आणि आजही वाचले जाणारे पुस्तक आहे. भाषा घरगुती, बोलल्यासारखी. मात्र त्यात रानडे पुढे आहेत आणि लेखिका त्यांच्या आडोशाला उभी आहे. रानड्यांच्या मृत्यूपाशी पुस्तक संपते. तुरुंग, रुग्णालय, सेवासदन यांविषयी, म्हणजे ज्या कामाला केवळ त्यांचे स्वतःचे म्हणता येईल त्याविषयी, त्यात काही नाही. वाचकाला याची चुटपुट लागते.

अखेरच्या वर्षांत त्या दोन राजकीय लढ्यांत उतरल्या. पुणे नगरपालिकेने प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे असे ठरत होते. परंतु पैसा अपुरा आहे, म्हणून सध्या ते केवळ मुलग्यांपुरते असावे, असे मत पुण्यातील वजनदार मंडळींनी मांडले. त्यात टिळकांचे अनुयायी होते. १९२० च्या सुमारास मुलींनाही ही सक्ती लागू व्हावी म्हणून पुण्यातील स्त्रिया रस्त्यावर आल्या. त्यांत साठीजवळ आलेल्या रमाबाई होत्या. दुसरा लढा मताधिकाराचा. मुंबई इलाख्यातील स्त्रियांना कायदेमंडळाच्या निवडणुकीत मत देता यावे, यासाठी त्यांनी सभा घेतल्या, निवेदने दिली. १९२१ मध्ये मुंबई कायदेमंडळाने तो ठराव संमत केला. तो सर्व स्त्रियांसाठी नव्हता. मालमत्तेची अट पुरी करणाऱ्यांनाच मत होते, आणि अशा स्त्रिया थोड्याच होत्या. सर्व प्रौढ स्त्रियांना मताचा हक्क मिळण्यासाठी स्वतंत्र भारताच्या संविधानाची वाट पाहावी लागली.

आषाढी-कार्तिकीला आळंदीच्या यात्रेत सेवासदनच्या स्वयंसेविकांना घेऊन जाण्याचा नेम त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. गर्दीत चुकलेल्या, आजारी पडलेल्या वारकरी स्त्रियांची त्या विचारपूस करीत, औषधपाणी देत. १९२४ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. महात्मा गांधींनी त्यांच्यावर श्रद्धांजलीपर लेख लिहिला. १९६२ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. पतीची पत्रे ज्या टपाल खात्यात एके काळी फोडली जात होती, त्याच खात्याच्या तिकिटावर रमाबाईंचे चित्र छापून देशभर गेले.